कोरी पावडर

कारखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणत. चाळिशी उलटून बरीच वर्षं झाली तरी तिला चष्मा लागला नव्हता, आणि नाव पडण्याचं कारणही तेच होतं. भांड्यातून नुकतीच काढलेली पावडर चिमूटभर काळ्या कागदावर घ्यायची, कागद खिडकीकडे तिरका धरायचा, डोळे बारीक करायचे आणि सांगून मोकळं व्हायचं. "जमलीय." नाहीतर, "जाड आलीय, नॉझलचं भोक बघा." मग तीच चिमूट तपासणीच्या खोलीत यंत्राखाली जायची आणि बहुतेक वेळा बाईंचं म्हणणं खरं निघायचं. जेव्हा निघत नसे तेव्हा ते कुणाच्या लक्षात राहत नसे. तिच्या तर मुळीच नाही.

आपलं काम समजावून सांगायचं झालं की ती सोड्याच्या बाटलीपासून सुरुवात करी. सोडा उघडल्यावर जो वायू फसफसून वर येतो, तोच हा. तो पोलादाच्या जाडजूड भांड्यात कोंडायचा, त्याच्यावर प्रचंड दाब द्यायचा आणि अंगाला लागेल न लागेल इतपत कोमट करायचा. एवढं केलं की तो धड वायू राहत नाही आणि धड द्रवही होत नाही. वायूसारखा कानाकोपऱ्यात शिरतो आणि द्रवासारखं दुसऱ्याला आपल्यात विरघळवून घेतो. औषध आधी स्पिरिटसारख्या पातळ पदार्थात मिसळलेलं असतं. ते केसाएवढ्या भोकातून त्या कोंडलेल्या वायूत फवारायचं. वायू स्पिरिट तेवढं ओढून घेतो, औषधाला हात लावत नाही. आधार सुटलेलं औषध मग जागच्या जागी धूळ होऊन खाली बसतं. पिठाहून कितीतरी बारीक धूळ. ती तशीच हवी, कारण हे औषध गिळायचं नव्हतं, श्वासाबरोबर आत ओढायचं होतं. कण जरा जाड झाला की तो घशातच अडकतो आणि फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचतच नाही.

तिच्या मते फवारणी कुणालाही जमेल, कस लागतो तो त्यानंतर. फवारणी संपली तरी ताजा वायू भांड्यातून वाहता ठेवून आतली पावडर धूत राहावी लागते, शेवटचा थेंब निघून जाईपर्यंत. त्याआधी प्रेशर सोडलं तर उरलेलं स्पिरिट उलटून पावडरीवरच उतरतं आणि दिवसभराच्या मेहनतीचा लगदा होतो. घरी पाहुणे यायचेत म्हणून एका इंजिनिअरने एकदा अशी घाई केली होती. झाकण उघडून आत बघितल्यावर भिंगबाई त्याला शांतपणे म्हणाली, "साहेब, डबा आणलाय ना? पाहुण्यांना आता हेच वाढा." इंजिनिअर बरेच दिवस तिच्यासमोर यायचं टाळत होता.

या कामात ती तरुणपणीच शिरली होती. आधी कॉफीच्या कारखान्यात होती. कॉफी तर प्यायची आणि वर झोपही लागली पाहिजे, असं म्हणणाऱ्या लोकांसाठी तिथे याच वायूने बियांतलं कॅफीन काढून घेत. तिथे हात बसला आणि मग औषधांकडे बोलावणं आलं. लग्न करायचं राहून गेलं. का राहिलं असं कुणी विचारलं की ती म्हणे, "प्रेशर सोडायला वेळच मिळाला नाही." ऐकणारा हसे आणि विषय तिथेच संपे.

घरी दोघीच. ती आणि तिची ताई. आईवडील लवकर गेले तेव्हा ताईने शाळा सोडली आणि या धाकटीला वाढवली. पुढे ताईचं लग्न झालं, नवरा गेला, आणि ती पुन्हा धाकटीकडे राहायला आली. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, पुढच्या खोलीत खिडकीशी ताईचा पलंग, मागे स्वयंपाकघर, बेसिनचा नळ कितीही आवळला तरी टिपटिप करणारा. ताई बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करी. काचेच्या खोलीत बसून, गाडी कुठून सुटणार, वाटेत कुठे कुठे थांबणार, ते सगळं ती एका दमात सांगायची. लांबच्या गाडीचे थांबे एवढे असत की खालचे हमाल मान वर करून ऐकत, आता हिचा श्वास तुटतो की नाही म्हणून. तुटत नसे. भिंगबाईला आपल्या कामाचा गर्व होता, पण ताईच्या आवाजाचा त्याहून जास्त.

तो श्वास तुटायला लागला. आधी लांबच्या गाडीला मध्ये थांबावं लागलं, मग जवळच्याही. जिना चढताना ताई पहिल्या मजल्यावर कठड्याला धरून उभी राहायची आणि शेजारच्या दाराकडे बघत बसायची, जसं काही तिथे कुणाशी बोलायला थांबली आहे. इस्पितळात तपासण्या झाल्या. फुफ्फुसं आतून कडक होत चालली होती. डॉक्टरीणबाई सरळ माणूस होत्या. गेलेला भाग परत मऊ होत नाही, म्हणाल्या, पण एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे, त्यात नाव घालते. वर्षभर रोज सकाळी एका छोट्या यंत्रात घालून एक कॅप्सूल टोचायची आणि आतली पावडर तोंडाने ओढायची. निम्म्या लोकांना खरं औषध मिळणार, निम्म्यांना नुसती साखर. कुणाला काय ते खुद्द डॉक्टरांनाही कळणार नाही. वर्ष संपल्यावर साखरवाल्यांना खरं औषध सुरू होईल. ज्यांना गुण आलाय त्यांचंही चालू राहील.

औषधाचं नाव भिंगबाईने लगेच ओळखलं. ते तिच्याच भांड्यातून निघत होतं.

साखरेची पावडरही तिथेच बनत असे, त्याच भांड्यात, तशीच फवारून. तिला कारखान्यात 'कोरी' म्हणत. चाचणीत घरचं माणूस असेल तर साहेबांच्या कानावर घालायचं, असा नियम होता. भिंगबाईने तो पाळला नाही. सांगितलं असतं तर तिला भांड्यापासून दूर केलं असतं, आणि ताईच्या छातीत जाणारी पावडर दुसऱ्या कुणाच्या हातची असावी ही कल्पनाच तिला सोसवेना. तिने मूग गिळले आणि धुण्याची वेळ आपणहून वाढवून घेतली. एवढी स्वच्छ पावडर त्या भांड्यातून आजवर निघाली नव्हती, असं ती स्वतःला सांगत असे.

ताई औषध मन लावून घ्यायची. ओढलं की खोकल्याची उबळ यायची, चेहरा लाल व्हायचा, डोळ्यांतून पाणी. "जाऊ दे आत, जाऊ दे," असं ती स्वतःच्याच छातीला समजावायची. रिकामी कॅप्सूल बशीत ठेवायची, कारण रिकाम्या सगळ्या इस्पितळात परत द्यायच्या होत्या.

भिंगबाईची नजर त्या बशीवर गेली नसती तरच नवल. कॅप्सूल पारदर्शक होती आणि आतून लख्ख होती. एक कणही चिकटलेला नव्हता.

हे तिला खटकलं. खरी पावडर भारी चिकट. भांड्यातून काढताना हातमोज्याला बिलगते, चमच्याला बिलगते, बरणीच्या काचेवर चढून बसते. कितीही टिचक्या मारा, हलायचं नाव नाही. कोरी मात्र शहाणी. झटकली की खाली. इतकी वर्षं दोन्ही हाताळलेल्या माणसाला याहून जास्त खूण कशाला लागते? तरी तिने घाई केली नाही. ताई आंघोळीला गेली असताना तिने एक भरलेली कॅप्सूल उघडली, पिशवीतल्या काळ्या कागदावर ओतली आणि कागद तिरका केला. पावडर घरंगळली आणि सरळ बेसिनमध्ये पडली. कागद कोराच्या कोरा. भिंगबाईने कागद घडी करून पिशवीत ठेवला. तिच्या मनात आता शंकेला जागा नव्हती.

पुढचे काही महिने तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. सकाळी ताई साखर ओढून खोकायची आणि ही पाठ चोळायची. मग बस पकडून कामावर जायचं आणि दुसऱ्या कुणाच्या तरी ताईसाठी खरं औषध बनवायचं. कधीकधी ताज्या पावडरीची बरणी हातात असताना वाटे, यातली जराशी खिशात टाकली तर कुणाला कळणार आहे? पण मोजून न भरलेली पावडर किती ओढायची हे तिला सांगता आलं नसतं, आणि ताईच्या जिवाशी असला खेळ करायची तिची हिंमत नव्हती. बरणी ती बंद करून पुढे पाठवी.

एका सकाळी ताईला उबळ आली ती थांबेचना. ओठ निळसर पडले. कितीतरी वेळाने श्वास जागेवर आला तेव्हा ताई भिंतीला टेकून बसली आणि धाकटीकडे बघत राहिली.

"तू रोज त्या बशीकडे बघतेस," ताई म्हणाली.

"कुठे काय?"

"मला शिकवू नकोस. लहानपणी पेला फोडलास की अशीच बघायचीस." ताई थांबली, दम घेतला. "तुमच्याकडचंच आहे ना हे? खरं सांग. यात औषध आहे का नाही?"

भिंगबाईला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. जगाशी ती सहज बोलली असती. ताईशी जमलं नाही.

"नाही गं," ती म्हणाली. "कोरी आहे. नुसती साखर."

"नक्की?"

"माझ्या हातची पावडर मी ओळखणार नाही होय?"

ताईने मान हलवली. रडली नाही, चिडली नाही. उलट तिच्या तोंडावर थोडी सुटका दिसली. "बरं झालं सांगितलंस. वर्ष संपलं की खरं मिळणारच आहे. तोवर साखरेपायी जीव कशाला काढू?"

बोलणं बिनतोड होतं. दुसऱ्या दिवसापासून ताई कॅप्सूल टोचायची, बेसिनवर झटकायची, नळ सोडायची आणि रिकामी बशीत ठेवायची. खोकला कमी झाला. दोघींना वाटलं, चला, एवढं तरी पदरात पडलं.

दम मात्र घसरतच गेला. घोषणा सुटल्या. स्थानकाने ताईला निरोप दिला आणि तिच्या जागी ध्वनिमुद्रित आवाज लावला. आता ती खिडकीशी बसून असे आणि कुणी आलं की बोलण्यापेक्षा मानेने भागवत असे. इस्पितळात दर खेपेला नळीत फुंकायला लावत, तिथला आकडा बघून डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडे. ताई शांत असे. "थांबा थोडं," असा तिचा चेहरा. आपल्याला खरं औषध अजून मिळायचंय, हे तिला ठाऊक होतं.

वर्ष संपलं. डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवलं. आता कुणाला काय दिलं होतं ते उघड झालंय, म्हणाल्या, आणि बातमी चांगली आहे. औषध घेतलेल्या बऱ्याच जणांची घसरण थांबली. मग त्यांचा आवाज खाली आला.

"तुम्हाला मात्र ते लागू पडलं नाही. काहींच्या बाबतीत होतं असं. म्हणून तुमचं पुढे चालू ठेवण्यात अर्थ नाही. मला खरंच वाईट वाटतं."

"आमची तर साखर होती ना?" भिंगबाई म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"नाही हो. पहिल्या दिवसापासून खरंच औषध होतं."

भिंगबाईच्या डोळ्यांपुढे बेसिन आलं, वाहता नळ आला, आणि रोज सकाळी पाण्याबरोबर खाली जाणारी ती पांढरी चिमूट. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात टेबलाखाली ताईने तिचं मनगट घट्ट पकडलं.

"डॉक्टर," ताई म्हणाली, "औषधाचा दोष नाही. मी घेतलंच नाही. थोडे दिवस घेतलं... मग खोकला यायचा... म्हणून टाकून द्यायचे."

"टाकून द्यायचात? आणि रिकाम्या कॅप्सूल?"

"झटकून परत आणायचे. कंटाळा केला मी."

डॉक्टरीणबाई भल्या होत्या, पण त्या दिवशी त्यांचा तोल गेला. तुमच्या जागी दुसऱ्या कुणाला घेता आलं असतं, म्हणाल्या. तुमचे आकडे धरून औषध उणं ठरत होतं. आणि तुमच्या स्वतःच्या छातीचं काय? गेलं ते आता परत येणार आहे का? ताई खाली मान घालून ऐकत होती. जिने आयुष्यात कुणाचं एक वावगं अक्षर ऐकून घेतलं नव्हतं ती ताई शाळेतल्या पोरीसारखी बोलणी खात होती, आणि हात अजून धाकटीच्या मनगटावर होता. गप्प बस, सांगणारा.

भिंगबाईने हात सोडवून घेतला.

"तिने कंटाळा नाही केला. मी सांगितलं तिला, यात काही नाही म्हणून."

"तुम्ही? तुम्हाला काय माहीत?"

मग तिने सगळं सांगितलं. कुठे काम करते, काय बनवते, नियम मोडून कसं लपवलं, काळ्या कागदावर काय बघितलं. सांगताना ती रडत होती आणि रडणं पुसायला थांबत नव्हती. डॉक्टरीणबाई समोरचे कागद गोळा करत म्हणाल्या, "हे मला कळवावं लागेल." आणि ताईकडे वळून, "तुमचं औषध मी सुरू करते. पण आहे तेवढंच राखता येईल."

कारखान्यात आरडाओरडा झाला नाही. साहेबांनी दार लावून घेतलं, पाणी पुढे केलं आणि सांगितलं की भांड्यापाशी आता तुम्हाला ठेवता येणार नाही. सिलिंडरच्या गोदामात जागा आहे. भिंगबाई हो म्हणाली. तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

गोदामाला जाताना वाटेत कॅप्सूल भरण्याचा विभाग लागे. इतकी वर्षं ती त्या दारावरून गेली होती, आत कधी डोकावली नव्हती. बरणी दिली की आपलं काम संपलं, असा तिचा हिशेब. तिथे भरणीवर असलेली बाई दाराशी उभी होती. गोष्ट एव्हाना सगळीकडे झाली होती.

"एकदा विचारायचंस तरी मला," भरणीवाली म्हणाली, टोमणा नव्हता त्यात. "तुझ्याकडून येते ना, तेव्हा ती पिसाळलेली असते. अंगात वीज असते तिच्या, स्वेटर काढताना चटचट होतं ना, तसली. अशी भरताच येत नाही. आम्ही तिला दमट हवेच्या खोलीत ठेवतो काही दिवस, वीज उतरू देतो. मग ती कोरीसारखीच वागते. कुठे म्हणून चिकटत नाही."

खरी पावडर भिंगबाईने जन्मात फक्त ताजी पाहिली होती, झाकण उघडल्या उघडल्या. त्यापुढे तिचं काय होतं, हे तिने कधी बघितलं नव्हतं आणि बघावंसं वाटलंही नव्हतं.

घरी आली तेव्हा ताई पलंगावर उशांना टेकून बसली होती. औषध सुरू होऊन काही आठवडे झाले होते. नळीतला आकडा खाली जायचा थांबला होता, वर यायचं नाव नव्हतं. जिना आता तिच्यासाठी संपला होता. खाली उतरायचं तर दोघांना तिला खुर्चीवरून न्यावं लागे.

भिंगबाई पलंगाच्या कडेला बसली आणि भरणीवालीने सांगितलेलं सगळं तिने ताईला सांगितलं. वीज, दमट खोली, उतरणं. सांगता सांगता तिच्या बोलण्यात जरा जोर आला, जसं काही यात तिची बाजू थोडी तरी सावरली जात होती. "ताजी असती तर मी चुकलेच नसते गं. ती पुढे कशी होते, हे मला कुणी कधी सांगितलंच नाही."

ताई ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे तुला माहीत नव्हतं."

"नव्हतं."

ताईने दम जमवला. एवढ्याशा बोलण्यालाही आता तिला मध्ये थांबावं लागे.

"मग मी विचारलं तेव्हा... तेवढंच म्हणायचं होतंस ना गं."

ती रागाने बोलली नव्हती. ताईचा श्वास पुन्हा जागेवर येईपर्यंत भिंगबाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.